चोरालाच विचारायचं, चोर कुठंय? जुन्या कॉम्प्युटरवरचं बूट-टाइम स्कॅन

गेल्या महिन्यात मामाचा फोन आला. मामाचं तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं असं सगळं चालतं. फोनवर नमस्कार-चमत्कार नाही, थेट मुद्दा. "अगं, तू एवढी कॉम्प्युटरमध्ये पीएच.डी. करतेस ना, मग सांग. अँटीव्हायरस म्हणतो सगळं ठीक आहे, आणि गिऱ्हाईकं म्हणतात तुमच्या दुकानातून पेनड्राइव्हमध्ये व्हायरस येतो. यातलं खोटं कोण बोलतंय?"

मामाने माझ्या प्रबंधाचा विषय एका वाक्यात सांगून टाकला. एखादी यंत्रणा स्वतःबद्दल जे सांगते त्यावर किती विश्वास ठेवायचा आणि तो पडताळायचा कसा, हेच मी गेली तीन वर्षं करतेय. माझ्या प्रयोगशाळेतली उदाहरणं सर्व्हरची असतात, मामाचं मशीन २०१० च्या सुमाराचं आहे, एवढाच फरक. विंडोज ७, तेही ३२ बिटवालं, २ जीबी रॅम आणि घरघर आवाज करणारी हार्ड डिस्क. नवीन का घेत नाही, असं विचारू नका. जुन्या फॉन्टमध्ये बसवलेली पंधरा वर्षांची कामं, डोंगलवर चालणारं मराठी सॉफ्टवेअर आणि फक्त याच मशीनशी बोलणारा प्रिंटर, हे सगळं त्याला बांधलेलं आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही डीटीपीवाल्याला विचारा, हेच ऐकाल.

गोष्ट गंमतीची नव्हती. एका मुलीने तिचा प्रोजेक्ट रिपोर्ट प्रिंटला आणला होता. घरी जाऊन पेनड्राइव्ह उघडला तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले, आणि सबमिशन दुसऱ्या दिवशी. (असं तुमचं झालं तर पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका आणि ते शॉर्टकट उघडूही नका. हा व्हायरस बहुतेक वेळा मूळ फोल्डर पुसत नाही, फक्त लपवतो. स्वच्छ मशीनवर 'लपवलेल्या फाइली दाखवा' आणि 'सिस्टिम फाइली लपवा' ही दोन्ही सेटिंगं बदलली की ते दिसतात.) त्या मुलीचं काम वाचलं. पण गावात दुकानाचं नाव खराब व्हायला अशा दोन-तीन गोष्टी पुरतात.

आता मामाच्या प्रश्नाकडे. अँटीव्हायरस मुद्दाम खोटं बोलत नव्हता. त्याला जे सांगितलं गेलं ते तो प्रामाणिकपणे पुढे सांगत होता.

तुम्ही एखादं फोल्डर उघडता तेव्हा फाइलींची यादी थेट डिस्कवरून येत नाही. विंडो विंडोजच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला विचारते. कर्नल फाइल सिस्टिमच्या ड्रायव्हरला विचारतो, तो डिस्कच्या ड्रायव्हरला, आणि मग डिस्क उत्तर देते. जुन्या कचेरीतली रेकॉर्ड रूम आठवा. तुम्हाला आत जाता येत नाही, कारकून रजिस्टर आणून दाखवतो. कारकूनच फितूर झाला तर हवं ते पान तो दाखवणारच नाही. आणि अँटीव्हायरस हासुद्धा खिडकीबाहेर उभा असलेला माणूस आहे, त्यालाही त्याच कारकुनाकडून रजिस्टर घ्यावं लागतं. कर्नलमध्ये किंवा त्याच्या खालच्या एखाद्या पायरीवर बसून उत्तरं बदलणाऱ्या प्रोग्रॅमला रूटकिट म्हणतात.

ही युक्ती नवी नाही. आयबीएम पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून ज्याचं नाव घेतात तो 'ब्रेन', १९८६ चा, लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला. त्यांनी व्हायरसमध्ये स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला होता! हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये बसायचा आणि मूळ बूट सेक्टर दुसरीकडे हलवून ठेवायचा. कुणी पहिला सेक्टर वाचायला गेलं की तो वाटेत अडवून हलवलेली मूळ प्रत पुढे करायचा. पाहणाऱ्याला फ्लॉपी एकदम साफ दिसायची. २०१० मध्ये आलेलं टीडीएल४ नावाचं रूटकिट हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरशी नेमकं हेच करत होतं. मध्ये चोवीस वर्षं गेली, तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलं, पण खोटं तेच राहिलं.

मग उपाय काय? कारकून कचेरीत यायच्या आधी रेकॉर्ड रूम गाठायची. बूट-टाइम स्कॅन म्हणजे हेच.

जुनं मशीन चालू केल्यापासून काय होतं ते थोडं सावकाश बघू, कारण सगळी मेख या क्रमात आहे. आधी बायोस जागा होतो. तो डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो आणि तिथला छोटासा प्रोग्रॅम चालवतो. तो विंडोजच्या लोडरला उठवतो. लोडर कर्नलला आणि सोबत अगदी सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरना मेमरीत आणतो. त्यानंतर सेशन मॅनेजर नावाचा पहिला नेहमीचा प्रोग्रॅम चालू होतो. लॉगिन, सेवा, नेटवर्क, अँटीव्हायरसचं चिन्ह, डेस्कटॉप हे सगळं त्याच्याही नंतर.

सेशन मॅनेजरकडे एक छोटी यादी असते. पुढे जाण्याआधी कुठले प्रोग्रॅम चालवायचे, याची. त्या यादीतला एक प्रोग्रॅम तुम्ही नक्की पाहिलाय. लोडशेडिंगच्या दिवसांत वीज गेली, परत आली, कॉम्प्युटर चालू केला की आकडे पळणारा एक पडदा यायचा, 'डिस्क तपासतोय' म्हणायचा आणि दहा मिनिटं खायचा. तोच तो. बूट-टाइम स्कॅन देणारे अँटीव्हायरस याच जागी आपला प्रोग्रॅम बसवतात. अव्हास्टमध्ये हा पर्याय आहे, आपल्या पुण्याच्या क्विक हीलमध्येही आहे.

या जागेचा फायदा दुहेरी. एक तर डेस्कटॉपसोबत सुरू होणारे बहुतेक व्हायरस अजून झोपलेले असतात, त्यामुळे लपवालपवी करायला कुणी नसतं. दुसरं, विंडोज चालू प्रोग्रॅमची फाइल पुसू देत नाही. "फाइल वापरात आहे" हा निरोप सगळ्यांनी पाहिलाय. इथे ती अजून वापरात आलेली नसते, त्यामुळे उचलून बाजूला ठेवता येते.

हे स्कॅन लावणं तसं सोपं आहे. अँटीव्हायरसमध्ये स्कॅनच्या पानावर 'बूट-टाइम' शोधायचं, शेड्यूल करायचं, मशीन रीस्टार्ट करायचं. जुन्या मशीनवर वेळ जातो तो त्याआधीच्या तयारीत, आणि तीच लोक टाळतात.

आधी डिस्कची तब्येत पाहा. संपूर्ण स्कॅन म्हणजे म्हाताऱ्या डिस्कला न थांबता काही तास पळायला लावणं. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं फुकट साधन डिस्कची स्वतःची नोंदवही वाचून दाखवतं. 'रीअलोकेटेड सेक्टर' किंवा 'पेंडिंग सेक्टर' यांचा मूळ आकडा वाढत असेल, तर व्हायरस हा तुमचा पहिला प्रश्न नाही. आधी डेटा काढून घ्या. खरं तर डिस्क ठणठणीत असली तरी कामाच्या फाइलींची प्रत आधी काढायचीच. फक्त फाइलींची आणि फॉन्टची, प्रोग्रॅमची नाही, नाहीतर प्रतीसोबत व्हायरसही गाठोड्यात बांधला जातो.

मग अँटीव्हायरसची व्याख्या-यादी अपडेट करा. बूटच्या त्या टप्प्यावर इंटरनेट नसतं, त्यामुळे आधी जे उतरवलं तेवढ्यावरच भागवायचं. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला निरोप दिला, विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ ला. तुमचा अँटीव्हायरस तुमच्या विंडोजसाठी अजून अपडेट देतो का, हे त्या कंपनीच्या पानावर बघून घ्या. चिन्ह हिरवं दिसतंय म्हणजे यादी ताजी आहेच असं नाही.

सेटिंगमध्ये मी एकाच गोष्टीवर हट्ट धरेन. सापडलेल्या फाइलीचं काय करायचं, याला 'आपोआप डिलीट' कधीही निवडू नका, 'क्वारंटाइन' निवडा. अँटीव्हायरसही चुकतात, आणि चुकतात तेव्हा मोठं नुकसान करतात. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली एसव्हीसीहोस्ट ही अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि जगभरातली असंख्य मशीन रीस्टार्टच्या फेऱ्यात अडकली. डेस्कटॉप चालू असताना निदान तुम्ही 'नको' म्हणू शकता. बूटच्या टप्प्यावर रात्री दोन वाजता पडद्यासमोर कोण बसलेलं असतं? शिवाय काही जुन्या मशीनवर या टप्प्यात यूएसबी कीबोर्ड चालतच नाही. जुना गोल पिनवाला कीबोर्ड असेल तर जवळ ठेवा.

आणखी एक बारीक गोष्ट, विंडोज ८ आणि त्यापुढच्यांसाठी. त्यात 'फास्ट स्टार्टअप' असतं. शट डाउन केलं तरी कर्नल पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. म्हणजे सकाळी कारकून नव्याने येतच नाही, तो रात्रभर कचेरीतच असतो. म्हणून बूट-टाइम स्कॅनसाठी शट डाउन करून परत चालू करू नका, 'रीस्टार्ट' म्हणा.

वेळेचा हिशोब आधी केलेला बरा. मामाच्या डिस्कवर साधारण २.८ लाख फाइली होत्या. फिरत्या डिस्कचं डोकं योग्य जागी जायला आणि ती जागा खाली फिरून यायला मिळून १३ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. एका फाइलीसाठी असे तीन हेलपाटे धरले तर ४० मिलिसेकंद. गुणाकार करा, तीन तासांच्या वर जातो. हे नुसतं डोकं हलवण्यात, फाइली वाचणं आणि तपासणं वेगळं. झिप फाइली उघडून तपासायला सांगितलं तर अजून जास्त. म्हणून टेम्पररी फाइली आधी साफ करा, आणि इन्व्हर्टरवर भरवसा नसेल तर दुपारच्या भारनियमनाची वेळ टाळा. नुसतं वाचताना वीज गेली तर सहसा काही बिघडत नाही. दुरुस्ती चालू असताना गेली तर बिघडू शकतं.

एवढं सगळं मी मामाला फोनवर सांगितलं आणि त्याने तंतोतंत केलं. दुसऱ्या दिवशी परत फोन. "दोनदा लावलं. दोन्ही वेळा सरळ डेस्कटॉप आला. स्कॅन झालंच नाही."

हे ऐकून मी शनिवारची एसटी पकडली.

कारण सेशन मॅनेजरची ती छोटी यादी विंडोजच्या रजिस्ट्रीत असते, आणि अ‍ॅडमिनचे हक्क असलेला कुठलाही प्रोग्रॅम तिच्यातली ओळ खोडू शकतो. साधं बिघडलेलं अँटीव्हायरसही असू शकलं असतं. पण गिऱ्हाइकांच्या तक्रारी आणि दोनदा गायब झालेलं स्कॅन एकत्र ठेवलं की शंका येतेच.

आणि इथेच जुन्या मशीनची खरी अडचण आहे. वरचा क्रम पुन्हा आठवा. बूट-टाइम स्कॅन सेशन मॅनेजरच्या टप्प्यावर सुरू होतं. पण पहिला सेक्टर, लोडर, कर्नल आणि सुरुवातीचे ड्रायव्हर हे सगळे त्याच्या आधी येऊन बसलेले असतात. रूटकिट स्वतःला यांपैकी कशातही घुसवू शकलं, तर आपण कचेरी उघडायच्या आधी पोचलो असं आपल्याला वाटतं आणि कारकून आत बसून चहा पीत असतो. साधारण २०१२ पासून, विंडोज ८ च्या वेळेपासून, नव्या मशीनमध्ये 'सिक्युअर बूट' आलं. त्यात प्रत्येक पायरी पुढच्या पायरीची सही तपासते. बायोसवाल्या मशीनमध्ये ही तपासणी नाही. त्यात ३२ बिट विंडोज ७ हे बिनसहीचे ड्रायव्हरही कर्नलमध्ये येऊ देतं, ६४ बिटवालं सहसा अडवतं. म्हणजे ज्या मशीनवर लोक बूट-टाइम स्कॅनवर सगळ्यात जास्त विसंबतात, त्याच मशीनवर ते सगळ्यात कमी भरवशाचं आहे. हे मला स्वतःलाही प्रबंधाच्या दुसऱ्या वर्षात नीट कळलं.

मग आजारी डिस्कवरचं काहीच चालू द्यायचं नाही, हाच मार्ग उरतो. दुसऱ्या स्वच्छ मशीनवर अँटीव्हायरस कंपनीची 'रेस्क्यू डिस्क' उतरवायची. कॅस्परस्कीची आहे, डॉ. वेबची आहे. रूफससारख्या साधनाने ती पेनड्राइव्हवर लिहायची, जुन्या मशीनला लावायची आणि चालू करताना बूट मेनूची कळ दाबायची. ती बहुतेक वेळा एफ१२ असते, नाहीतर एफ८, एफ११ किंवा एस्केप. आता मशीनवर विंडोज चालूच होत नाही, पेनड्राइव्हवरचं लिनक्स चालतं, आणि आजारी डिस्क फक्त टेबलावर ठेवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यासारखी असते. प्रोसेसर फार जुना असेल तर ६४ बिट रेस्क्यू डिस्क चालणार नाही, आणि काही मशीन पेनड्राइव्हवरून बूटच होत नाहीत, तिथे सीडी लागते. विंडोज १० मध्ये याचीच एक आवृत्ती आत बसवलेली आहे, डिफेंडरचं 'ऑफलाइन स्कॅन'. तिथे पेनड्राइव्हचीही गरज नाही.

स्कॅन करायच्या आधी मी एक छोटा प्रयोग केला, कारण तो माझ्या संशोधनाचा कणा आहे आणि कुणालाही करता येतो. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या यी-मिन वांग आणि सहकाऱ्यांनी 'घोस्टबस्टर' नावाचं काम प्रसिद्ध केलं. कल्पना इतकी सरळ की पहिल्यांदा वाचल्यावर मी म्हटलं, यात संशोधन काय? संशयित विंडोज चालू असताना डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची यादी काढायची. मग बाहेरून बूट करून त्याच डिस्कची यादी परत काढायची. दोन याद्या शेजारी ठेवायच्या. बाहेरून दिसते पण आतून दिसत नाही अशी फाइल असेल, तर ती कुणीतरी लपवतंय. व्हायरस कुठला, नवा की जुना, त्याचं नाव यादीत आहे का, याची गरजच नाही. लपणं हाच पुरावा. म्हणजे लपायला जितकी जास्त धडपड, तितकं पकडलं जाणं सोपं.

मामाच्या मशीनवर फरक निघाला ४१ ओळींचा. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी होत्या. दोन याद्यांच्या मधल्या काळात बदललेल्या लॉग फाइली, आणि विंडोज साध्या वापरकर्त्याला दाखवतच नाही असं सिस्टिमचं फोल्डर. त्या एकेक खोडत गेले. शेवटी उरली एकच फाइल, ड्रायव्हरांच्या फोल्डरमध्ये, नावाच्या जागी अर्थहीन आठ अक्षरं. आतून ती नव्हतीच. मामा मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "म्हणजे तो मशीनमध्ये बसून मशीनलाच सांगत होता की मी नाहीये?" प्रबंधाचा सारांश यापेक्षा चांगला मला लिहिता आलेला नाही.

मग रेस्क्यू डिस्कने पूर्ण स्कॅन लावलं. दोन तासांनी ते ३७ टक्क्यांवर थांबल्यासारखं दिसायला लागलं आणि मामाच्या मुलाने स्विचकडे हात नेला. एका जुन्या क्लिपआर्टच्या झिपमध्ये हजारो चित्रं होती, तिथे ते दळण दळत होतं. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर हात लावायचा नाही, असं त्याला बजावलं. पहाटे संपलं. ती फाइल सापडली, सोबत पेनड्राइव्हवर शॉर्टकट करणारा तिचा जोडीदारही सापडला. दोन्ही क्वारंटाइनमध्ये गेले. क्वारंटाइनमध्ये आणखी एक गेलं होतं, डोंगलचा निर्दोष ड्रायव्हर. 'आपोआप डिलीट' निवडलं असतं तर सोमवारी दुकान उघडलं नसतं. तो परत जागेवर ठेवला.

आता साफ झालं का? मी मामाला "हो" म्हटलं नाही. १९८० च्या दशकात फ्रेड कोहेन यांनी गणिताने दाखवलं की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही. युक्तिवाद मजेशीर आहे. समजा असा परिपूर्ण परीक्षक आहे. मी एक प्रोग्रॅम लिहिते, जो आधी त्या परीक्षकालाच विचारतो, "मी व्हायरस आहे का?" तो 'हो' म्हणाला तर गप्प बसतो, 'नाही' म्हणाला तर पसरतो. परीक्षक काहीही म्हणो, चुकतोच. म्हणून स्कॅनचं 'काही सापडलं नाही' याचा अर्थ तेवढाच घ्यायचा, काही सापडलं नाही. बाहेरून केलेलं स्कॅनही डिस्कपुरतंच असतं. २०१८ मध्ये ईसेटला सापडलेलं लोजॅक्स मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसत होतं, डिस्क बदलली तरी जात नव्हतं. अशी हत्यारं डीटीपीच्या दुकानावर कुणी वाया घालवत नाही, पण पायऱ्या तिथेही संपत नाहीत हे माहीत असावं.

कर्नलपर्यंत पोचलेलं रूटकिट सापडलं की विंडोज पुसून नव्याने टाकणं, हा माझा सल्ला असतो. मामाच्या बाबतीत मी तो दिला आणि त्याने तो नाकारला. त्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी पुरात गेलीय, पुन्हा टाकता येईल याची खात्री नाही. त्याचं बरोबर आहे. मग आम्ही दुसरं केलं. त्या मशीनची नेटवर्कची वायर कायमची काढली. बँकेचे आणि मेलचे पासवर्ड माझ्या लॅपटॉपवरून बदलले. बाहेरून काढलेली ती स्वच्छ यादी एका पेनड्राइव्हवर ठेवली, म्हणजे पुढच्या वेळी ताडून बघायला काहीतरी असेल.

गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह आता काउंटरवरच्या एका जुन्या लॅपटॉपमध्ये लागतात, त्यावर लिनक्स आहे. हवी ती एकच फाइल तिथून दुकानाच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवर जाते आणि मग आतल्या मशीनवर. मामाचा मुलगा कुरकुरतो की प्रत्येक गिऱ्हाइकामागे दोन मिनिटं वाढली. दिवाळीच्या सुट्टीत मी परत जाणार आहे, तेव्हा दुसरी यादी काढायची आहे.